शिंक, उचकी आणि उंदरांचा काळ

...आणि वर मलाच म्हणतात, "हळू बोल, त्या झोपल्यात!" आता तुम्हीच सांगा, घर माझं, घसा माझा, काल रात्री मी माझ्याच स्वयंपाकघरातून माझ्याच नवऱ्याला जेवायला हाक मारतेय, आणि हे बाहेरच्या खोलीतून ओठांवर बोट ठेवून डोळे वटारतायत... कुणासाठी? तान्ह्या नातवंडासाठी? आजारी पाहुण्यासाठी? छे हो, उंदरांसाठी! बघा, पुन्हा चुकले. हा शब्द काढायची आमच्या घरात चोरी झालीय. उंदीर नाहीत हो ते, जर्बिल आहेत, जर्बिल!

दुसऱ्या कुणाच्या घरात असते ना, तर मी एक अक्षर बोलले नसते. कुणी मासे पाळतं, कुणी पोपट पाळतं, कुणी सासऱ्यांना सांभाळतं, ज्याची त्याची हौस. पण आमचे हे कोण? ह्यांचा धंदाच मुळी उंदीर मारण्याचा! झुरळं, वाळवी, ढेकूण हे सगळं आहेच जोडीला, पण खरी ख्याती उंदरांची. गाडीवर हा एवढा थोरला उंदीर काढलाय, चारी पाय वर करून पडलेला. अख्खा बाजार ह्यांना 'उंदरांचा काळ' म्हणतो. नुसतं भिंतीला नाक लावून सांगतात, "इथून गेलाय, परवा गेलाय, आणि एकटा नव्हता." असा माणूस!

आणि अशा माणसाची लेक काय करते? नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तर जाण्याआधी कवेत काचेची टाकी घेऊन घरात हजर! आत गळ्यापर्यंत भुसा भरलेला, आणि त्या भुशातून दोन डोकी वर आली. काळेभोर डोळे, मिशा, पुढचे दोन पाय छातीशी धरून अशा उभ्या, जणू आम्हीच त्यांच्या दारात काही मागायला आलोय.

हे खुर्चीतून ताडकन उठले. "घरात उंदीर? माझ्या?"

"बाबा, उंदीर नाहीत. जर्बिल आहेत. वाळवंटातले, लोक घरात पाळतात."

"शेपटी आहे?"

"आहे."

"कुरतडतात?"

"कुरतडतात."

"बिळं करतात?"

"हो, भरपूर."

"मग उंदीर म्हणजे वेगळं काय असतं गं?"

"बाबा, शेपटी नीट बघ ना! शेपटीवर केस आहेत!"

आता हे काय कोर्टात टिकणारं उत्तर आहे? पण ह्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, टाकीपाशी वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "हं. गोंडा आहे टोकाला." झालं! तिथेच मी ओळखलं, गडी पाघळला.

लेकीने नावंपण ठेवलेली. एकीचं शिंक, कारण ती भुशातून बाहेर आली की शिंकते. दुसरीचं उचकी, कारण ती चालताना मध्येच टुणकन उडते. दोघी बहिणी. एकटी ठेवायची नाही, झुरते म्हणे. शेपटी धरून उचलायची नाही, कातडी सोलून हातात येते म्हणे. खाली भुसा खोल पाहिजे, बोगदे करतात. अंग धुवायचं नाही, वाळूत लोळतात. कुरतडायला पुठ्ठा द्यायचा, नाहीतर दात वाढतात. एवढं सगळं सांगून लेक गेली. स्टेशनवर निघताना बापाच्या गळ्यात पडून रडली आणि कानात काय म्हणाली माहितीय? "बाबा, रात्री सूर्यफुलाच्या बिया जास्त देऊ नकोस, लठ्ठ होतात." आई उभी होती हो शेजारी! आईने काय खायचं, काय नाही, काही सूचना?

आणि मग तुम्हाला सांगते, ह्या माणसाचं जे काही झालं! उंदराला काय आवडतं, कुठे लपायला आवडतं, कसल्या वासाने तो वेडा होतो, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर ते शहाणपण सापळ्यात घातलं, आता सगळं टाकीत ओतायला लागले. विषाचा अंशसुद्धा लागू नये म्हणून कामावरून आले की दाराबाहेरच कपडे काढायचे, पंचा गुंडाळून आत यायचं, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, मग पुन्हा धुवायचे, मग टाकीत हात. समोरच्या दारातल्या काकू रोज तो सोहळा बघतात! आमचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी पाय धुऊन आत आला नाही हा गृहस्थ!

एकदा काय झालं, हे गॅलरीत उभे राहून लेकीला फोनवर सांगत होते, "उचकीचं काही खरं नाही गं, सकाळपासून नुसती बसून आहे." काकूंनी ऐकलं. म्हणाल्या, "अहो, त्यात काय! नाक दाबून धरा आणि घोटभर पाणी पाजा." ह्यांचा चेहरा असा झाला... "नाक दाबून? तिचं? आणि तुमचं नाक कुणी दाबलं तर?" काकू तेव्हापासून ह्यांच्याशी बोलत नाहीत. मी समजवायला गेले, "काकू, ते उंदराबद्दल बोलत होते हो!" तर हे आतून ओरडतात, "उंदीर नाही, जर्बिल!"

पण एक गोष्ट मात्र मी मुकाट्याने बघत होते बरं का. हा माणूस लेकीशी फोनवर कधी धड दोन वाक्यं बोलायचा नाही. "कशी आहेस, आईला देतो." संपलं. आता रोज तासभर! बोगदा कुठून कुठे गेला, शिंकेने उचकीची बी कशी पळवली... आणि बोलता बोलता मध्येच, "तू जेवलीस का?" म्हणून मी गप्प होते.

गप्प होते ती त्या दुपारपर्यंत.

त्या दुपारी हे टाकी साफ करायला बसले. दोघींना काढून कपड्यांच्या रिकाम्या टबात ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात कोण? बेकरीवाल्या बाई! ह्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. भारी जरबेच्या, बोलल्या की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. नवीन बेकरी काढतायत, तिथलं काम ह्यांना द्यायचं होतं, म्हणून मुद्दाम घरी आल्या, सोबत पिशवीत तीळ लावलेला ताजा पाव घेऊन. ह्यांनी घाईघाईत टबावर टॉवेल टाकला आणि आले बाहेर. गाडीवर मेलेला उंदीर आणि घरात जिवंत दोन, हे बाईंना कळलं असतं तर?

बाई बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, बोलणं छान चाललेलं. मी पाणी आणायला आत गेले, तर टॉवेल खाली आणि टबात शिंक एकटी!

मी हळूच खुणावलं. हे आत आले, टबात बघितलं, आणि तुम्हाला सांगते, रंगच उडाला चेहऱ्याचा. मी म्हटलं, "असेल इथेच कुठेतरी." तर म्हणाले, "वड्या..." एवढंच. "वड्या!"

अहो, विषाच्या वड्या! उंदरांच्या काळाचं घर ते, तिथे उंदीर निघाला तर तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून वर्षानुवर्षं कपाटामागे, फ्रिजमागे, ओट्याखाली वड्या ठेवलेल्या. लेकीने टाकी आणली त्याच दिवशी ह्यांनी सगळ्या उचलल्या होत्या. पण सगळ्या म्हणजे... सगळ्या? कुणाला आठवतंय?

मग जे सुरू झालं! कपाट सरकवलं, फ्रिज सरकवला, भांडी धडाधड खाली, हे जमिनीवर पालथे पडलेत, हातात बॅटरी, आणि आवाज काय काढतायत, "ये गं माझी बाय... ये गं..." बाहेरून बाईंचा प्रश्न, "काय हो, घरात उंदीर आहे की काय?" आता हो म्हणावं तर काम गेलं, नाही म्हणावं तर हे ओट्याखालून कुणाला बाय म्हणतायत ते सांगा! मी काही जुळवणार, तेवढ्यात हे तिथूनच ओरडले, "उंदीर नाही हो, जर्बिल!" बाईंनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

आणि फ्रिजच्या मागे सापडली. वडी. एक कोपरा कुरतडलेला.

हे तसेच फरशीवर बसले. एरवी दाताची खूण बघून सांगणारा माणूस, उंदीर की घूस, आजचं की महिन्याभरापूर्वीचं... त्यांना दिसेचना. डोळेच भरून आले होते. वडी माझ्यापुढे धरली, "बघ गं. ताजं आहे का?" मी उजेडात नेलं. कुरतडल्या जागेवर धूळ बसली होती, चांगली जाड, जुनी. मी म्हटलं, "जुनं आहे हो. खूप जुनं." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आळशी झाडूचे मी आभार मानले.

तोवर टबात शिंकेने मागचे पाय आपटायला सुरुवात केली. धप धप, धप धप. घाबरल्या की असं करतात त्या, एकमेकींना इशारा. आम्ही ऐकतोय, आणि बाहेरून बाईंचा, त्या जरबेच्या बाईंचा, एवढासा आवाज आला, "अहो... माझी पिशवी ठोकतेय."

हे बाहेर धावले. पिशवीत पाव, पावाला भोक, आणि भोकातून उचकीचं डोकं! ह्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, अलगद खाली सरकवली, उचललं आणि छातीशी धरून तिथेच मटकन बसले. बाई बघतायत. मी बघतेय. हे म्हणाले, "बाई, इतकी वर्षं सापळे लावले, पण आत अडकलेल्याला बाहेर कुणी शोधत असेल, हे डोक्यातच आलं नाही कधी."

मी मनात म्हटलं, झालं, आता धंद्याला कुलूप!

बाई म्हणाल्या, "मग माझ्या बेकरीचं काय?"

"भोकं बुजवीन. एकूण एक."

"आणि आत आहेत ते?"

"त्यांना आधी बाहेर सोडून येईन. लांब. मग बुजवीन."

बाईंनी पाय खाली घेतले. उचकी ह्यांच्या तळहातावर उभी राहून, दोन हातांत तीळ धरून, म्हाताऱ्या बाईसारखी चवीने खात होती. बाई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझा पाव इतका मन लावून कुणी खाल्लेला मी पहिल्यांदा बघतेय." आणि दिलं काम! वर विचारतात, "हे असले उंदीर मिळतात कुठे?" आम्ही दोघंही एकदम... हो, मीसुद्धा... "उंदीर नाहीत, जर्बिल आहेत!"

तेव्हापासून हे असं आहे. मारणं बंद. भोकं बुजवतात, जाळ्या लावतात, पकडलेल्यांना गाडीत घालून माळावर सोडून येतात. आज सकाळी एका गोदामवाल्याचा फोन आला, "उंदीर मारतात ते हेच ना?" काय सांगणार? म्हटलं, "मारायचे हो. हल्ली समजूत घालतात." तर तो म्हणतो, "चालेल, पाठवा, मारूनही काही फरक पडत नव्हता."

गेलेत तिकडेच. जाताना बजावून गेलेत, "दोघींना एकटं वाटू देऊ नकोस." म्हणून बसलेय इथे. घरात तीन बायका... एक भुसा उपसतेय, एक पुठ्ठा खातेय, आणि तिसरीचं कुणी ऐकत नाही म्हणून ती तुम्हाला सांगतेय. हळू आवाजात.