प्रयोगाबाहेरची घंटा

मी खाली सही करणारी, वय ३६, धंदा नोकरी, राहणार स्टेशनमागच्या जुन्या कर्मचारी वसाहतीत, तळमजला. ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे :

वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी आणि माझे सासरे असे राहतो. पती ट्रक चालवतात, महिन्या-दीड महिन्याने घरी येतात. सासरे रेल्वेतून पोर्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी याच स्टेशनात गेली. मी स्टेशनच्या जुन्या भागात कॉफीच्या दुकानात कामाला आहे. दुकान जुन्या तिकीट खिडकीतच आहे. खिडकीचे गज, लाकडी फळी, वरची अक्षरे सगळे तसेच ठेवले आहे. तिकिटाच्या जागी कॉफी मिळते, एवढाच फरक.

जुने स्टेशन पाडायचे चालले होते. ते न पाडता नवीन त्याच्याशी जोडले. पुढची दगडी भिंत, कमान आणि घड्याळ ठेवले, आणि भिंतीच्या वरच्या कडेपासून मागच्या लोखंडी खांबांपर्यंत काचेचे छत घातले. गाड्या आता पलीकडे जमिनीखालून जातात. जुन्या फलाटासमोरचे रूळ उचलून तिथे फरशी केली आहे. फरशीवर बाके आणि झाडांच्या कुंड्या आहेत. दिसायला छान दिसते, उगाच नावे ठेवणार नाही. लोक लांबून बघायला येतात.

कमानीखाली जुनी पितळी घंटा टांगलेली आहे. जुना भाग ज्या कंपनीने चालवायला घेतला आहे, तिच्या व्यवस्थापकांनी सासऱ्यांना बोलावून जुन्या पद्धतीचा गणवेश शिवून दिला आणि घंटेचा प्रयोग करायचे काम दिले. रोज एक प्रयोग चारला, एक सहाला. कोट ढगळ झाला होता. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "बाबा, बँडवाले दिसताय." ते आरशात बघून म्हणाले, "बँडवाल्याला निदान गाणं तरी असतं." पण बटणे रोज स्वतः घासून जायचे.

प्रयोग असा असतो. सासरे कमानीत उभे राहून थांबून थांबून तीन टोल देतात आणि खड्या आवाजात ओरडतात, "मागे सरा, मागे सरा, गाडी येतेय." गाडी काही येत नाही. लोक हसतात, फोन काढतात आणि मागे सरायच्या ऐवजी पुढे येतात. आम्हा दुकानांतल्या लोकांना व्यवस्थापकांची सूचना आहे की घंटा ऐकली की हातातले काम टाकून पहिली टाळी आपण वाजवायची, म्हणजे पाहुण्यांचा संकोच जातो. माझी खिडकी घंटेच्या बरोबर समोर. त्यामुळे पहिली टाळी माझी, असे ठरूनच गेले होते.

व्यवस्थापकांना तीन टोलांवर समाधान नव्हते. पूर्वी फलाटावर काही धोका झाला तर घंटा न थांबता सलग वाजवायचे, ते त्यांनी कुठून तरी ऐकले होते. लोकांना मजा येईल, ती वाजवा, म्हणून ते मागे लागले. सासऱ्यांनी साफ नाही म्हटले. त्या दिवशी घरी जेवताना ते मला म्हणाले, "नाटक करायला माझी ना नाही. मिशी लावा म्हणाले तर मिशी लावीन. पण सलग घंटा खोटी वाजवायची नसते. ती एकदा खोटी वाजली की संपली." मी तेव्हा मुलीला वाढत होते. "बरं" म्हणाले. ऐकले मात्र होते.

घटनेच्या दिवशी चारचा प्रयोग नेहमीप्रमाणे झाला. त्यानंतर सासरे माझ्या खिडकीशी येऊन पाणी प्यायले आणि परत कमानीत जाऊन स्टुलावर बसले. दुकानात गर्दी होती. थोड्या वेळाने मी मान वर केली तेव्हा सासरे उभे राहून कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकत होते. मग त्यांनी वर पाहिले. भिंत आणि छत जिथे एकत्र येतात तिथे ते पाहत होते. माझ्या खिडकीतून वरचे दिसत नाही, म्हणून त्यांना काय दिसले ते मी सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा मात्र दिसत होता.

त्यांनी घंटेचा दोर धरला आणि घंटा सलग वाजवायला सुरुवात केली. तोंडाने "मागे सरा, मागे सरा" असे ओरडत होते आणि मोकळा हात जोरजोरात हलवत होते. "गाडी येतेय" असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

मी कप खाली ठेवला आणि टाळी वाजवली.

का वाजवली, असे विचारल्यावरून सांगते की घंटा वाजली म्हणून वाजवली. घंटा सलग आहे हे कानाला कळत होते. पण सवयीने हात कानाच्या आधी चालले. माझ्यामागोमाग शेजारच्या फुलांच्या दुकानातून टाळ्या आल्या, मग सगळीकडून. बाकांवरची माणसे उठली. ती घंटेकडे आली, फोन वर धरून. सासरे जसजसे ओरडत होते तसतशी ती जास्तच हसत होती. एकजण म्हणाला, "काय जीव ओततात काम करताना." हे सगळे लोक कमानीच्या पुढ्यात, बरोबर छताच्या कडेखाली उभे राहिले. सासऱ्यांनी दोर सोडला आणि ते दोन्ही हातांनी लोकांना ढकलायला लागले. तेव्हा त्यांनी समोर माझ्याकडे पाहिले. माझे हात अजून एकमेकांवर होते.

मग काचा आल्या. आवाजाचे वर्णन मला करता येत नाही. सासरे कमानीच्या दगडाखाली होते म्हणून वाचले. त्यांच्या हातांना जखमा झाल्या, त्या लोकांना बाहेर ओढताना झालेल्या आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. तिघे जागीच गेले. त्यातली एक बाई थोड्या वेळापूर्वी माझ्याकडून कॉफी घेऊन गेली होती. साखर कमी घाला म्हणाली होती. मी विसरून नेहमीएवढी घातली होती, ती काही बोलली नाही. तिचा कप बाकावर तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक आमच्या घरी आले. सासरे समोरच खाटेवर बसलेले असताना ते माझ्याशीच बोलले. म्हणाले, "ताई, त्यांचं वय झालंय. चारचा प्रयोग झाला हे विसरून पुन्हा घंटा वाजवली, त्यामुळे गर्दी जमली, असं सांगा. विसरणाऱ्या माणसाला कोणी शिक्षा करत नाही. तुमची नोकरी कुठे जात नाही." छत आपोआप पडले का, असे मी त्यांना विचारले. त्यावर ते म्हणाले की तो तज्ज्ञांचा विषय आहे. जाताना चप्पल घालायला बराच वेळ लावला त्यांनी, मी काही बोलते का म्हणून.

ते गेल्यावर सासरे मला म्हणाले, "तसंच सांग." मी म्हणाले, "तुम्हाला वेड्यात काढतायत ते." ते म्हणाले, "काढू देत. मला आता कुठे मिरवायचंय? तुला तिथे अजून दिवस काढायचेत. पोरगी शिकायचीय."

सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही. माझ्या लग्नात कोणते पाहुणे रुसून न जेवता गेले, ते त्यांना नावानिशी आठवते आणि अजून सासरे त्या पाहुण्यांशी बोलत नाहीत. औषधे ते स्वतः घेतात, उलट माझ्या औषधांची मलाच आठवण करून देतात. घंटा त्यांनी पूर्ण शुद्धीत, धोका पाहून वाजवली. खोटी सलग घंटा वाजवायला त्यांनी नकार दिला होता, ही गोष्ट व्यवस्थापकांना माहीत आहे. त्यांना विचारावे.

हवालदारांनी मला आत्ता सांगितले की माझ्या सासऱ्यांनी आज सकाळी दिलेल्या जबाबात, "टाळी कोणीच वाजवली नाही, माणसं माझ्या घंटेला आली, दोष माझा," असे म्हटले आहे. ते खरे नाही. टाळी वाजली आणि पहिली माझी होती. ती कोणाची होती हे सासऱ्यांना पक्के माहीत आहे, कारण ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक अक्षर विचारलेले नाही. जेवायला बसतात, मीठ मागतात, ताट उचलून ठेवतात. त्यांनी एकदा तरी विचारले असते तर मला बरे वाटले असते.

माझे सासरे सध्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. काचा पडल्यापासून त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. म्हणून मधले दार उघडे ठेवून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हा जबाब वाचावा, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे वाचण्यात आला. टाळीचा मजकूर आला तेव्हा सासरे दारात येऊन म्हणाले, "साहेब, एवढं खोडा." लिहिणाऱ्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिले.

मी खोडू दिले नाही. जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे, मी तो ऐकला, बरोबर आहे.

सही