अर्थिंगचा खड्डा

वीज कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे दोन वायरमन उभे होते. पुढचा पिकल्या केसांचा, त्याच्या मागचा चाळिशीतला, हातात फाईल घेतलेला.

"काका, नवीन मीटर का?"

"नाही रे. एका घरातला मीटर काढून न्या, म्हणून सांगायला आलोय."

"उलटंच तुमचं. मीटर मिळावा म्हणून लोक इथे चपला झिजवतात."

"मीही झिजवल्या. अर्थिंगचा रिपोर्ट जोडल्याशिवाय फाईल हलेना, म्हणून खड्डा खणायच्या आधीच सही ठोकली."

"सगळेच ठोकतात. माझ्या या फाईलमधला खड्डाही अजून खणायचाच आहे."

"तिथला राहूनच गेला. दिवे लागले तसा मालक म्हणाला, आता अंगणातली फरशी कशाला फोडता."

"बरं, मग?"

"परवा त्याच्या बायकोनं ओल्या हातानं वॉशिंग मशीन उघडलं. करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. तिच्यातून गेला."

"वाचली?"

"नाही. मालक सगळ्यांना अटॅक आला म्हणून सांगतोय. मला दारात उभं करत नाही. मशीन अजून चालूच आहे. आता मुलगी कपडे लावते."

खिडकीतल्या साहेबांनी म्हाताऱ्याचा अर्ज वाचला.

"रिपोर्टवर तर अर्थिंग व्यवस्थित आहे म्हणून लिहिलंय. सही तुमचीच ना?"

"सही माझीच. लिहिलंय ते खोटं आहे, साहेब."

"मग तसं लेखी द्या. लायसन जाईल, केसही होईल. बाजूला बसून लिहा."

"पेन आहे का रे?"

मागच्यानं खिशातलं पेन काढून दिलं आणि तो खिडकीशी सरकला.

"पुढचे. तुमचं अर्थिंग झालंय?"

"झालंय, साहेब."