खुनाआधीचं जेवण

अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या क्लिनिकमध्ये मराठी कानावर पडली, तसे स्वानंदीने हळूच इअरफोन काढले. शेजारी मायलेकींची जुंपली होती.

"आई, बीपी बघितलंस ना किती वाढलंय? ती टर्किश सिरियल आता बंद. रोज मेला एक खून!"

"खून शेवटी असतो गं. आधी सगळे जेवायला बसतात. चांगली आठ-दहा माणसं, एकाच्याही हातात फोन नसतो."

"काल भावानेच भावाला गोळी घातली!"

"घातली मेल्याने. पण त्याआधी आग्रह करकरून वाढलं होतं त्याला."

"आई, प्लीज! हे बघ, तुला घरी ड्रॉप करून मी ऑफिसला पळते. भाजी-पोळी फ्रीजमध्ये आहे, गरम करून जेव. आणि टीव्ही लावायचा नाही."

"मग जेवू कुणाबरोबर?"