चौथ्या गाण्यातलं हसू

मंडळी, बसा, बसा! पुढं सरकून बसा. त्या खांबाला टेकलेल्यांना मात्र उठवू नका हं — ते झोपणारच आहेत, मग खांब तरी रिकामा कशाला ठेवायचा!

आज एक प्रश्न आणलाय. दिवाळीच्या आधी घर झाडतो आपण. ढीगभर कचरा निघतो. त्या ढिगात कधीतरी कानातलं सापडतं. सापडतं की नाही? म्हणजे झाडूनं ते कचऱ्यातच धरलं होतं! तर सांगा — कचरा कुठला आणि ऐवज कुठला, हे ठरवायचं कुणी? झाडूनं? झाडणाऱ्यानं? ... पेटीवाले काका मान हलवतायत. काका, उत्तर येत नसलं की मान हलवायची, हे बरं जमतं तुम्हाला! असो. ऐका.

सांगलीत श्रीरंगराव हल्याळकर म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सज्जन माणूस! सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण वेड होतं — एका बाईचं! दचकू नका वहिनी, बाई सातासमुद्रापलीकडच्या. अमेरिकेतल्या एक कृष्णवर्णीय गायिका, लोरेटा बीम. लहानपणी चर्चमध्ये भजनं म्हणायच्या, मोठेपणी तोच गळा प्रेमाच्या गाण्यांना दिला. त्या संगीताला तिकडं ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा! आता आत्म्याचा विषय निघाला म्हणजे मला बोलणं भागच आहे की नाही?

तर या बाईंच्या एकाच तबकडीच्या श्रीरंगरावांकडं सीड्या किती? चार! गाणी तीच, बाई तीच, ढोल तोच. मग चार कशाला? तर म्हणे, रीमास्टर! म्हणजे कंपनी काय करते — मूळ ध्वनिफीत कपाटातून काढते, धुते, पुसते, आणि ‘आता खरी ऐका’ म्हणून विकते. काही वर्षांनी पुन्हा येते — ‘मागची खरी नव्हती हो, ही खरी!’ आपण मारुतीला शेंदूर चढवतो ना, थरावर थर? शेवटी आत मारुती किती आणि शेंदूर किती, त्या मारुतीलाच ठाऊक!

श्रीरंगराव रविवारी सकाळी अंघोळ करून, सीड्या ओळीनं मांडून बसायचे. पहिली — आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण खरखर शाबूत. दुसरी — सगळंच मोठ्यानं! बाई कुजबुजली तरी वरातीत कुजबुजतेय असं वाटावं. तिसरी सोनेरी. तिच्यात खरखर इतकी धुतली, इतकी धुतली, की बाईंचा श्वासही वाहून गेला! बाई गातायत, गातायत, श्वासच नाही! चौथी जपानहून आली, ती अगदी मागाहून. कुठलीही प्रत लावली की म्हणायचे, “कालिंदी, या प्रतीत खंजिरी बघ कशी डावीकडं, जरा मागं बसलीय!” कालिंदीबाई त्यांच्या पत्नी. त्या म्हणायच्या, “बसू दे हो बिचारीला. तुम्ही चहा प्या.”

पण श्रीरंगरावांना खंजिरी नको होती. त्यांना हवं होतं एक हसू!

त्याचं असं झालं. तरुणपणी हीच गाणी त्यांनी एका कॅसेटवर वर्षानुवर्षं ऐकली. चौथं गाणं विरहाचं. बाई सूर वर नेते... वर नेते... ढोल थांबतो — आणि त्या फटीत कुणीतरी खुदकन हसतं! रडण्याच्या गाण्यात हसू! श्रीरंगराव वेडे झाले. “काय ही बाई! एवढं दुःख, आणि त्यावर स्वतःच हसते!” पुढं कॅसेटची फीत यंत्रात गुंतून तुटली. सीडी आली — हसू नाही! दुसरी आणली — नाही! त्यांची खात्रीच पटली: साफ करणाऱ्यांनी कचरा समजून हसू झाडून टाकलं! कुठल्या तरी प्रतीत ते राहिलं असेल. आणि मंडळी, यातलं अक्षर त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. का? आपला आनंद दुसऱ्याला सांगितला तर झिजेल, असं काही जणांना वाटतं. तुमच्यात नसतील असे!

आता हसू शोधायचं म्हणजे घरात शांतता हवी. पंखा बंद! कुकर बंद! फोडणी बंद! कालिंदीबाईंनी बांगड्या मागं सारून, भांडं असं अलगद ठेवायचं — तरी आतून यायचं, “शूऽऽ!” शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली — “शूऽऽ!” लेकीचा बेंगळुरूहून फोन आला — “शूऽऽ!” कालिंदीबाई म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारख्या, चवड्यांवर चालायच्या.

ती जपानी सीडी आली, त्या दिवशी श्रीरंगरावांनी खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. चौथं गाणं लागलं. सूर वर गेला... ढोल थांबला... आणि कालिंदीबाईंना शिंक आली! दाबली हो त्यांनी, पदरात दाबली, पण शिंक ती शिंक!

“झालं! घालवलंस!” श्रीरंगराव ओरडले. “नेमक्या जागी! तुझ्यामुळं ऐकूच येत नाही मला काही!”

अहो, पुन्हा लावता आलं असतं की! बटण हाताशी होतं! पण रागावलेल्या माणसाला बटण दिसतं होय?

कालिंदीबाई आत गेल्या आणि निपाणीला भावाला फोन लावला. “दादा, मला न्यायला ये. या घरात शिंकायची सोय उरली नाही.”

दादा म्हणजे रघुवीर — श्रीरंगरावांचा कॉलेजातला जिवलग मित्र, मागाहून मेहुणा झालेला. दुपारी गाडी घेऊन हजर. दारात बॅग भरलेली. आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? ‘चुकलो, जाऊ नकोस’ म्हणेल. श्रीरंगरावांनी काय केलं? मेहुण्याचा हात धरून त्याला सीडीसमोर बसवलं!

“रघू, तू साक्षीदार आहेस. आपल्या त्या कॅसेटमध्ये चौथ्या गाण्यात बाई हसते की नाही?”

“हसू होतं खरं.”

“बघ! आणि या लबाडांनी ते काढून टाकलंय!”

रघुवीर त्यांच्याकडं बघतच राहिला. “अरे खुळ्या, ती कॅसेट आपण कुठं भरली होती?”

मंडळी, जुन्या लोकांना आठवत असेल. वायरी जोडून कॅसेट भरायची अक्कल तेव्हा कुणाला होती? रेकॉर्ड लावायची, समोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि अख्ख्या घरानं श्वास रोखायचा! मग गाण्यात बाईंबरोबर दारातला भाजीवालाही गायचा!

“आमच्या निपाणीच्या माजघरात भरली,” रघुवीर म्हणाला. “मामाची रेकॉर्ड, दुसऱ्या दिवशी तो घेऊन जाणार होता. आमचा वाघ्या भुंकेल म्हणून तू त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून बसलास. वर डोळे मिटून डोलायला लागलास! तूही डोलतोस आणि कुत्रंही डोलतंय! पोह्यांच्या बशा घेऊन कालिंदी दारात आली, तिनं ते बघितलं... आणि हसली ना ती! बाई कशाला हसतेय? तुझी बायको हसलीय ती!”

गोविंद! गोविंद! हसू अमेरिकेत नव्हतं, जपानात नव्हतं. स्वयंपाकघरात चवड्यांवर चालत होतं!

श्रीरंगराव उठले, दारात कालिंदीबाईंसमोर जाऊन उभे राहिले. “कालिंदी... ते तुझं हसू होतं. मी इतकी वर्षं तेच शोधत होतो गं.”

आता तुम्हाला वाटलं, बाई विरघळल्या, बॅग आत गेली, कथा संपली! सिनेमा नाही हा, सांगली आहे! कालिंदीबाई म्हणाल्या, “माझं हसू शोधत होतात? आणि मला काय म्हणत होतात? शूऽऽ?”

“एकदा हस ना!”

“हसायला मी काय बटण दाबलं की वाजणारी सीडी आहे?”

आणि गेल्या! गाडीत बसून निपाणीला गेल्या!

आता घर शांत. श्रीरंगरावांना हवं तसं! फोडणी नाही, बांगडी नाही. त्यांनी जपानी सीडी लावली. सूर वर गेला, ढोल थांबला, मधली फट आली — स्वच्छ, लख्ख, कुणी नाही. पहिल्यांदाच त्या स्वच्छपणाची त्यांना भीती वाटली. ती परत आलीच नाही तर? माणूस रडला हो. म्हातारा माणूस, एकटा, सीडीसमोर बसून ढसाढसा रडला.

चार दिवसांनी संकष्टी आली. उपास तर मोडायचा नाही. डबा काढला, साबुदाणा घेतला, तुपात टाकला. कोरडा! बायांनो, हसू नका, पुढं ऐका! त्यांनी घाबरून निपाणीला फोन लावला.

“कालिंदी, हा साबुदाणा काहीतरी वेगळाच आहे. मऊच होत नाही!”

“भिजवला होतात?”

“भिजवायचा असतो? ... थांब, तू ऐक, कसा वाजतोय!” आणि फोन कढईजवळ धरून कालथा फिरवला — खडाड्‌ खडाड्‌ खडाड्‌!

 निपाणीला रेंज कसली, तुम्हाला माहीतच आहे — आवाज तुटतोय, घरघर, मधेच कुणाचा तरी प्रेशर कुकर... आणि त्या सगळ्या गदारोळातून आलं! खुदकन! तेच! वय वाढलेलं, दम लागलेलं, पण तेच!

श्रीरंगराव कालथा हातात धरून तसेच उभे. “हॅलो? ऐकताय ना?” “ऐकतोय,” ते म्हणाले. “तू बोल. मी ऐकतोय.” त्या दिवशी अर्धा तास त्या बोलल्या. शेजारणीचं, लेकीचं, गुडघ्याचं, सगळं राहिलेलं बोलल्या. आणि साबुदाणा जळाला! पार कोळसा झाला! पण तिसऱ्या दिवशीच्या एसटीनं कालिंदीबाई घरी आल्या.

तर मंडळी, कचरा कुठला आणि ऐवज कुठला? एकट्यानं ठरवायला गेलात की चुकलात! हातात झाडू घेण्याआधी घरच्या माणसाला विचारायचं. सीड्या वाईट नाहीत, गाणं तर मुळीच वाईट नाही. पण आपण सगळेच ‘शूऽऽ’वाले! कुणी बातम्यांसाठी, कुणी मोबाइलसाठी, कुणी — हो, हो — जपासाठीसुद्धा! हातात माळ, तोंडात नाम, आणि डोळे वटारून सुनेला ‘शूऽऽ’! देवाला काय वाटत असेल?

आज इथं यायला निघालात, तेव्हा चप्पल घालताना घरातलं कुणीतरी काहीतरी सांगत होतं. तुम्ही म्हणालात, ‘आल्यावर बघू, कीर्तनाला उशीर होतोय.’ आठवलं? ... बघा, खांबाचे पण जागे झाले! आता आरती घ्या, प्रसाद घ्या, वाटेत कुठं रेंगाळू नका. घरी जा, समोर बसा आणि विचारा — “मघाशी काय म्हणत होतीस?”