एकतीस तारखेपर्यंतच्या खुणा

—नाही हो साहेब, त्यात आमच्या डॉक्टरचा काही दोष नाही, त्या खुणा माझ्या. संडासाच्या दारामागचा सफाईचा कागद ना, तोच. आज बारा तारीख, मग एकतीसपर्यंतचे चौकोन भरले कुणी? मीच. डॉक्टर म्हणाली होती, मावशी, तपासणीला माणसं येणार, एकही चौकोन रिकामा दिसता कामा नये—मग काल बसले आणि टाकले सगळे भरून. आणि करणारच आहे ना मी, उद्याही, परवाही. सव्वीस वर्षांत चुकलंय कधी? आता कुठला चौकोन कुठल्या तारखेचा, ते मेलं मला कुठलं कळायला. पण हात कसे धुवायचे ते सगळं पाठ आहे, बघा, त्या कागदावर लिहिलंय—आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या—काय? तो आग लागल्यावर काय करायचं त्याचा कागद आहे? असेल. काल हलवला असेल कुणीतरी.

हसू नका. माझे मालक याच बाकावर गेले. तिच्या वडिलांनी, थोरल्या डॉक्टरांनी, घाम फुटेस्तोवर छाती दाबली त्यांची. महिन्याने मला बोलावलं, म्हणाले, बाई, फरशी पुसशील का? तीच ही फरशी. ही पोर तेव्हा शाळेतून यायची आणि याच बाकावर झोपायची, मी तिची चप्पल उचलून खालचं पुसून घ्यायची. आता थोरले नाहीत, एकटी ओढते सगळं. तुमचं ते प्रमाणपत्र मिळालं नाही तर दवाखाना मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना देऊन टाकावा लागेल म्हणते—फोनवर बोलत होती, मी ऐकलं.

आणि मनाची इतकी मोठी, कालच म्हणाली, मावशी, उद्या येऊ नका, आराम करा. मला वाटलं माझ्या वयाकडे बघून म्हणते. म्हटलं, आजच्या दिवशी फरशी दुसऱ्या कुणाच्या हातात कशी देऊ, म्हणून मुद्दाम आले, सगळ्यांच्या आधी—

अस्सं.

म्हणून येऊ नका म्हणाली होय.

बरोबरच आहे तिचं. साहेब, तुम्ही असं करा, लिहा—सफाईवाली अडाणी होती, तिला काढून टाकली. कालच. हा फडका? तो इथंच पडला होता. मी कोण? मी पेशंट, बसलेय केव्हाची.

ती बघा आलीच. डॉक्टर, माझा नंबर कधी येईल हो?