अनिमेषला ठाऊक नसलेलं हॉटेल

मत्सर हा राजेरजवाड्यांचा रोग आहे, नोकरदार माणसाला तो परवडत नाही, असं जयप्रकाशांचं ठाम मत होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या मेट्रोत मागच्या बाकावर एक मराठी नवरा-बायको बोलू लागले आणि त्या मताचं काही खरं उरलं नाही.

“अंबरीश, क्यूबन खायला एवढ्या लांब झुइडओस्टला कशाला? अनिमेषनं दाखवलेलं हॉटेल काय वाईट होतं?”

“काळा घेवडा आणि भात! उसळ-भाताला टाळ्या वाजवणारी तूच पहिली.”

“त्यानं आचाऱ्याशी स्पॅनिशमध्ये बोलून माझ्यासाठी बिनमांसाचं करून घेतलं.”

“मीही शिकतोय स्पॅनिश.”

“तू चार वर्षं डचही शिकतोयस.”

“हिमानी, आजचं हॉटेल मी शोधलंय, महिनाभर खपून. या शहरातल्या एकाही मराठी माणसाला ते ठाऊक नाही.”

नाव टिपून घ्यायला जयप्रकाशांनी हळूच फोन काढला.

“आणि चांगलं नसलं तर?”

“तिथल्या तळलेल्या केळ्यांपुढे तुझ्या अनिमेषचं हॉटेल पाणी भरेल.”

“माझा कसला? थांब, त्यालाच विचारते.”

“त्याला कशाला? ए, मेसेज पाठवू नकोस हं!”

“पाठवला. उत्तरही आलं बघ.”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, झकास आहे, आम्ही नेहमी जातो.”

“बरं. अजून काही?”

“सोमवारी बंद असतं.”

जयप्रकाशांनी फोन खिशात ठेवला. वार सोमवारच होता.