हलकी बॅग

वहिनी : मघापासून सांगतेय, तुझं मागचं चाक काहीतरी बोलतंय. पण ऐकेल ती चिमी कसली.

चिमी : नुसतं टकटक होत होतं गं. घरापासून इतक्या लांब आल्यावर सायकलसुद्धा कुरकुरणारच.

मिस्त्री : कुरकुर नाही ताई. चाकाच्या तारा तुटल्यात, त्याही चेनच्या बाजूच्या. चाक आउट झालंय, वाकडं फिरतंय. तसंच दामटलं असतंत तर घाटात अडकून पडला असता.

वहिनी : नशीब आमचं, पायथ्यालाच तुमचं दुकान. देवासारखे भेटलात.

मिस्त्री : देव एवढा तेलकट नसतो. बहिणी का तुम्ही?

वहिनी : नणंद-भावजय.

मिस्त्री : आणि एवढ्या लांब सायकलवर, एकत्र? भांडण नाही झालं?

वहिनी : ते आम्ही सुरुवातीलाच उरकून घेतलं. पार समुद्रापर्यंत जायचंय, वाटेत कुठे वेळ घालवा.

मिस्त्री : बरं केलंत. बॅगा उतरवा, चाक काढावं लागेल.

चिमी : बॅगा राहू द्या ना. तशीच आडवी करू.

मिस्त्री : भरल्या बॅगांसकट? अहो, यात दगड भरलेत का?

वहिनी : द्या, एक मी धरते. अगं बाई. चिमे, ही बॅग आहे का धोंडा? काय कोंबलंयस?

चिमी : माझंच सामान. तू सावलीत बस बघू. चहा सांग.

वहिनी : चहा पळून जात नाही. हा तंबूचा दांडा वर आलाय. तंबू माझ्या बॅगेत होता.

चिमी : सकाळी घाईत इकडे आला असेल.

वहिनी : आणि स्टोव्ह? पातेलं? पाण्याचा हा कॅन? सगळे घाईत चालत आले? मग माझ्या बॅगेत काय आहे?

चिमी : तुझे कपडे आहेत.

वहिनी : थांब, उघडते. चिमे, या उशा आहेत. हवा भरलेल्या उशा. बॅग टम्म दिसावी म्हणून फुगवून ठेवल्यायस.

मिस्त्री : मी आतून तारा शोधून आणतो.

वहिनी : कधीपासून चाललंय हे?

चिमी : त्या पुलाच्या चढावर तू रस्त्याच्या कडेला बसलीस ना, तेव्हापासून. ओठ पांढरेफटक पडले होते तुझे. मी घाबरले. मग रोज तुझ्या आधी उठून थोडंथोडं इकडे घेत गेले, आणि मुक्कामाला तू पोचायच्या आत बाहेर काढून ठेवत गेले.

वहिनी : आणि मला वाटलं, पायात जोर आला. रोज वाटायचं, कालच्यापेक्षा आज हलकं जातंय. तुझ्या दादाला फोनवर सांगितलं, अहो, मी बरी झाले. डॉक्टरांनी सांगून पटत नव्हतं, ते या चढांनी पटवलं म्हटलं. फोनवर रडले गं ते. आणि हे सगळं तुझ्या उशांच्या जिवावर.

चिमी : रागव ना मला. चार शब्द बोल.

वहिनी : रागवून काय करू? समुद्र बसनेही दिसला असता. गेलं अख्खं वर्ष अंथरुणात काढलं मी. आपलं ओझं आपल्याला उचलता येतं का, एवढंच बघायला निघाले होते. तेवढंच तू बघू दिलं नाहीस.

चिमी : कळतंय मला. पण वहिनी, वर्षभर तुला उठवून बसवलं, न्हाऊ घातलं, भरवलं. हातांना सवय लागली. तू बरी झालीस हे माझ्या हातांना अजून कुणी कळवलेलंच नाही.

मिस्त्री : झालं बघा. तारा बसवल्या, आउटही काढला. पण पुन्हा एवढं लादलंत तर वरपर्यंत टिकेल, असं मी सांगणार नाही.

वहिनी : नाही लादणार. तो तंबू इकडे द्या. स्टोव्ह, पातेलं, कॅनसुद्धा.

चिमी : आज नको ना. सगळ्यात मोठा चढ आज आहे.

वहिनी : म्हणूनच आज. आधी त्या उशांमधली हवा काढ.

चिमी : आणि नाही जमलं तर?

वहिनी : तर उतरून ढकलीन. ढकलायला लाज कसली? पण तू हात लावायचा नाहीस. पुढे जायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

चिमी : पुढे जाते. न बघणं मला जमायचं नाही.

वहिनी : बरं, बघ. हात तेवढा लावू नकोस.

मिस्त्री : मोठ्या ताई, हलक्या गिअरवर ठेवा आणि सावकाश चला. चढ संपतो तिथे पाण्याची टाकी आहे. वारा झकास असतो.

वहिनी : भलं होवो तुमचं. येतो आम्ही.

(चढ संपल्यावर, पाण्याच्या टाकीपाशी.)

चिमी : बस आधी. घोटभर पाणी घे. बोलू नकोस.

वहिनी : थांब. दम खाऊ दे. कितीदा उतरले गं मी?

चिमी : मी कुठे मोजलं?

वहिनी : खोटारडे. वळणावळणावर उभी होतीस.

चिमी : उभी होते, पण हात नाही लावला. शेवटच्या वळणावर तुझी सायकल मागे सरकली, तेव्हा माझा एक हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

वहिनी : पाहिलं ते. म्हटलं आता चढायलाच हवं, नाहीतर ही स्वतःचा हात मोडून घेईल.

चिमी : पाय लटलट कापतायत तुझे.

वहिनी : कापू देत. माझेच आहेत.

चिमी : दादाला फोन लावू?

वहिनी : मी लावते नंतर. त्यांना सांगितलं ते आज खरं झालं. चिमे, वर्षभर तू माझं केलंस, त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही.

चिमी : घरच्या माणसांत काय बोलायचं असतं.

वहिनी : असतं. तेव्हा बोलले असते तर वाटलं असतं, मी निरोपच घेतेय. आज उभी आहे म्हणून बोलते. तू होतीस म्हणून मी या टाकीपाशी पोचले. एवढं ऐकून घे.

चिमी : ऐकलं. आता रडवू नकोस, पुढे उतार आहे. मला रस्ता दिसायचा नाही.

वहिनी : ते लांब चकाकतंय, तो समुद्र का गं?

चिमी : तोच असणार. उद्या पोचू.

वहिनी : उद्या सकाळी बॅगा मी भरणार.

चिमी : भर बाई. तुझ्या तू भर.

वहिनी : दोघींच्या.